माझ्या बाजूचा ब्रेक

४ फेब्रुवारी

मुंगे,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज न वाचताच पुसून टाकतेस, असं मावशीकडून कळलं. म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी हातात घ्यावं लागतं, आणि एकदा हातात आलं की तू वाचणारच. लहानपणी पुड्यांना गुंडाळून आलेले वर्तमानपत्राचे तुकडेसुद्धा तू सरळ करून वाचायचीस.

बातमी पहिली: ड्रायव्हिंग स्कूल विकलं. कंटाळा आला, एवढंच. पाटी, टेबल, डबल ब्रेकच्या दोन्ही गाड्या, सगळं गेलं. नवा मालक तरुण आहे. गाडीत बसवण्याआधी मुलांना पडद्यावर गाडी चालवायला लावणार म्हणे. लावो बापडा.

बातमी दुसरी: मी स्पोर्ट्स कार घेतेय. हसून झालं की पुढे वाच.

हो, तीच जात. दोन दारांची, जमिनीला पोट लावून चालणारी, जिच्यात भाजीची पिशवी ठेवायची तर शेजारच्याच्या मांडीवर. सगळं गाव मला गाडीवाली बाई म्हणून ओळखतं, पण मी स्वतः गाडी चालवली किती? जन्म गेला शेजारच्या सीटवर. काटा चाळिसाच्या पुढे सरकला की माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर. लोकांची भीती मोडता मोडता माझी हौस तशीच राहिली. आता एकदा तरी जोरात जायचंय मला.

दोन गाड्या मनात भरल्यात. एक राखाडी, एक पिवळी. राखाडीच्या किमतीत पिवळी येईल आणि वर घराला आतून-बाहेरून रंग देऊन होईल. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणते. तुला राग येईल हे ठाऊक आहे, पण नावं चपखल बसलीत. थोरली भारदस्त आहे, महाग आहे आणि तिला सगळं समजतं. धाकटी नुसती गुरगुरते.

पहिल्या दिवशी काय झालं ते सांगते. शोरूममधला पोरगेलासा सेल्समन (टाय इतका घट्ट की मलाच गुदमरायला झालं) थोरलीचं चालकाच्या बाजूचं दार उघडून अदबीने उभा राहिला. मी त्याला छानसं हसून गाडीला वळसा घातला आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसले. पट्टा लावला. तो बिचारा क्षणभर घुटमळला आणि मुकाट्याने स्टिअरिंगवर बसला. मी म्हटलं, "आरसा बघितलास का?" त्याने बघितला. "हँडब्रेक?" तोही काढला. अर्धं शहर त्याने मला फिरवलं, आणि मी त्याच्या दोन चुका काढल्या. घरी येऊन चहा टाकला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की गाडी आपण चालवून बघायची होती.

आता मुद्द्याचं. मला तू यायला हवी आहेस. दोन्हींत बसून बघ आणि कुठली घ्यायची ते सांग. इतक्या वर्षांनी ताईला गाडी आठवली, असं म्हणशील. म्हण. आईला पोचवून परत येताना तू चालवत होतीस, ते कुत्रं आडवं आलं, मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला, तू भर रस्त्यात गाडीतून उतरून स्टँडकडे चालायला लागलीस, ती पुन्हा या घरात आली नाहीस. उतरलीस तू. मी उतरवलं नव्हतं, तेवढं लक्षात असू दे.

मावशी म्हणाली की तू हल्ली अँब्युलन्स चालवतेस. मी म्हटलं, पेशंटचं कसं व्हायचं! हा विनोद होता. मावशीने तुला तो सांगितला असेल, पण मी हसत होते हे नसेल सांगितलं.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

मुंगे,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मला वर्गात नुसत्या माना डोलावणाऱ्यांशी बोलायची सवय आहे, मी एकटी बोलू शकते.

परवा थोरली चालवली. या वेळी बरोबर सीटवर बसले. टायवाला आता मला बघितलं की आधी विचारतो, "मॅडम, आज आपण कुठल्या बाजूला?" पोरगं बरं आहे.

मुंगे, काय गाडी आहे गं! पायाचा नुसता विचार केला तरी तिला कळतं. टायवाला मला सांगत होता की थांबल्या जागेवरून शंभरावर जायला हिला चार सेकंदसुद्धा लागत नाहीत. मी पंधराने चालले होते. मागून एक पाववाला सायकलवरून आला आणि आम्हाला मागे टाकून गेला. त्याने वळून बघितलं, आणि टायवाल्याने तोंड फिरवलं. मग मोकळा रस्ता लागला तेव्हा मी पाय जरा दाबला. पाठ सीटला चिकटली आणि मी मोठ्याने हसले. एकटीच्या घरात माणूस असं हसत नाही. बऱ्याच दिवसांनी माझा तो आवाज ऐकला.

परतताना शोरूमच्या फाटकाचा खांब मध्येच आला. फार नाही, आरसा दुमडला, नि दाराला एक ओरखडा. टायवाला म्हणाला, "असू दे मॅडम, विमा आहे." खांब चुकीच्या जागी आहे, असं मी त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली.

पण मला थोरली आवडली ती या कशामुळेच नाही. खरं कारण सांगते, हसू नकोस. ती चालवून झाल्यावर मी तिच्या शेजारच्या सीटवर बसून बघितलं. तिथे खाली, पाय सहज जातो त्या जागी, एक तिरकी पट्टी आहे. धातूची, वर रबराच्या गोळ्या. वेगात वळणावर शेजारच्याला पाय रोवायला म्हणून ती दिलेली असते. माझा पाय तिच्यावर गेला, मुंगे, आणि जिवाला बरं वाटलं. माझ्या ब्रेकचीच जागा. तीच उंची, तोच तिरकेपणा. दाबलं तर काही होत नाही, पण दाबता येतं.

म्हणजे माझं जवळजवळ ठरल्यात जमा आहे. किंमत ऐकून मावशीने कपाळाला हात लावला. लावू दे. मला ना मूल ना बाळ, आणि तुला माझं काही नको असतं.

तरी तू येऊन बघावंस असं वाटतं. तू चालवावीस, मी शेजारी बसावं. डोळ्याच्या डॉक्टरकडे दोन-तीन खेपा आहेत, चष्म्याचं काहीतरी, ते दिवस सोडून कधीही ये.

ताई

२ मार्च

मुंगे,

तुझं कार्ड मिळालं. मोजून तीन वाक्यं. "कुत्रं मी पाहिलं होतं. तुझ्या पायाखाली काही नसेल ती गाडी घेतलीस तर येईन. पट्टीसुद्धा नको."

नमस्कार नाही, चमत्कार नाही. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. कार्ड उलटं करून टेबलावर टाकलं, भांडी घासली, परत येऊन सुलटं केलं. मग तुझं अक्षर बघत बसले. तुझा 'क' अजून तसाच, पोट सुटलेला.

आता माझं ऐक. कुत्रं तू पाहिलं नव्हतंस. मी त्या क्षणी कुत्र्याकडे बघतच नव्हते, मी तुझ्या पायांकडे बघत होते. शिकवणारा माणूस पायांकडे बघतो, रस्त्याकडे डोळ्याच्या कडेने. तुझा पाय ब्रेककडे गेला नाही. मी दाबला. कुत्रं वाचलं. यात मी तुझं कुठलं घोडं मारलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. आणि उतरताना तू म्हणालीस, "आई गेली त्या दिवशीसुद्धा तुला माझा भरवसा नाही." आईचा त्यात काय संबंध?

असो. राग राग करत मी दुसऱ्या दिवशी शोरूमला गेले आणि म्हटलं, आज धाकटी दाखव.

धाकटीत बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग पडायचं. मी चालवली. आवाज फार करते. रस्त्यावरचा प्रत्येक खडा ती तुम्हाला कळवते. पण वळते छान, ते मान्य केलंच पाहिजे. मान वळवावी तशी वळते. मग मी टायवाल्याला म्हटलं, तू चालव, मी शेजारी बसते.

तिथे खाली काहीही नाही, मुंगे. नुसता काळा गालिचा. पाय लांब पसरतात, सरळ, पलंगावर आडवं झाल्यासारखे, आणि त्यांना करायला काही काम नसतं. पहिल्याच चौकात एक बाई पोराचा हात धरून रस्ता ओलांडायला निघाली. मी खाडकन पाय आपटला. टायवाल्याने गाडी हळू केलीच होती. पुढच्या चौकात परत आपटला. तिसऱ्यांदा तो घाबरून म्हणाला, "मॅडम, काही चावलं का?"

घरी येईपर्यंत माझी पोटरी दुखायला लागली होती. रात्री तेल लावलं.

मी त्याला विचारलंसुद्धा की धाकटीत माझ्या बाजूला एक ब्रेक बसवून मिळेल का. तो आत जाऊन साहेबांना विचारून आला. आतून हसण्याचा आवाज ऐकू आला. बाहेर येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "कंपनी परवानगी देत नाही."

तेव्हा मी थोरलीच घेतेय. तुझी अट तुझ्यापाशी. गाडी माझी, पाय माझे. पुढच्या आठवड्यात सही करणार.

ताई

१५ मार्च

मुंगे,

सही केली नाही.

दोन वेळा लिहून फाडलेलं हे तिसऱ्यांदा लिहितेय. आधी एक कबूल कर: हे वाचून तू मला फोन करून रडणार नाहीस. दया आली म्हणून येणार असशील तर अजिबात येऊ नकोस. मला तुझी दया नको आहे, मला तू हवी आहेस.

चष्म्याचं नव्हतं ते. काचबिंदू आहे. मधलं सगळं स्वच्छ दिसतं, तुझा पोट सुटलेला 'क' दिसतो, पण कडेकडेचं जायला लागलंय. डॉक्टरांकडे एक यंत्र आहे, त्यात डोकं घालायचं, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि आजूबाजूला कुठे दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बराच वेळ बसले, दिवेच लागेनात. मी ओरडले, "अहो, तुमचं मशीन बंद पडलंय." डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला कळलं की मशीन चालू आहे.

थेंब आहेत, ते घालते. आहे तेवढं त्याने टिकेल, गेलेलं येणार नाही. लायसन्सचं नूतनीकरण या वर्षअखेर आहे आणि बाई म्हणाल्या, डोळ्यांच्या दाखल्यावर मी सही करणार नाही, आणि तुम्हीही मागू नका. त्यांचं बरोबर आहे. मीच किती जणांना नापास होताना बघितलंय आणि म्हटलंय, बरं झालं. तो फाटकाचा खांब आपल्या जागीच होता.

शाळा विकली ती म्हणूनच. एका मुलीला शिकवत होते, कडेने एक रिकामी हातगाडी आली. ती मुलीला दिसली, मला दिसली नाही. मुलीने थांबवली गाडी, व्यवस्थित. "छान," म्हटलं मी तिला. घरी आले आणि पाटी उतरवायचं ठरवलं.

त्या रात्रीपासून एकच मनात आहे. मला एकदा जोरात जायचंय, कडा शिल्लक आहेत तोवर. मी स्वतः चालवू शकते अजून थोडे दिवस, मोकळ्या रस्त्यावर, उजेडात. पण नंतर ती गाडी दाराशी उभी राहणार आणि मी शेजारच्या सीटवर. जिथे सगळा जन्म गेला तिथेच. म्हणून मी शेजारची सीट निरखतेय, मुंगे. टायवाल्याला वाटतं बाईचा स्क्रू ढिला आहे. सगळं जग गाडी घेताना स्टिअरिंग बघतं.

आणि मग चालवणार कोण? कुणी ड्रायव्हर ठेवायचा आणि त्याच्याबरोबर मी फिरून यायचं? त्यापेक्षा मी बसने जाईन.

परवा सही करायला पेन हातात घेतलं. थोरलीत शेवटचं बसले, शेजारी. पट्टीवर पाय ठेवला. बरं वाटलं, नेहमीसारखं. मग मनात आलं, या बरं वाटण्यासाठी मी एवढे पैसे देणार, आणि या पट्टीमुळे स्टिअरिंगवर कोणी बसणार नाही. मला पाहिजे असलेलं माणूस तर नाहीच. मी टायवाल्याला म्हटलं, थांब दोन दिवस. तो म्हणाला, "थोरली की धाकटी, मॅडम?" त्यानेही नावं उचललीत.

मला उत्तर पाठव. कार्ड चालेल. तीन वाक्यं चालतील.

तुझी,
ताई

२८ मार्च

मुंगे,

काल तुझा फोन आला. मागे कुठेतरी सायरन वाजत होता. मग तू म्हणालीस, "शुक्रवारी येते. गाडी बघायला येते, तुला नाही." मी म्हटलं, "मग तुझ्यासाठी जेवण नको करू ना?" आणि तू हसलीस. त्यानंतर मी काय बोलले ते मला आठवत नाही. रडले असेन. तू नाही रडलीस, शब्द पाळलास.

फोनवर सांगायचं राहिलं ते लिहितेय. हे पत्र तुझ्याआधी पोचेल की नाही कोण जाणे, नाही पोचलं तर परत गेल्यावर वाच.

पिवळी घेतली. धाकटी. दाराशी उभी आहे, येणारा-जाणारा थांबतो. समोरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "पाहुणे कोण आलेत?" मी म्हटलं, पाहुणी शुक्रवारी येणार, ही तिची गाडी. त्यांनी माझ्याकडे आणि गाडीकडे आळीपाळीने बघितलं.

पैसे वाचले त्यातून घराला रंग लावून घेतेय. तुझ्या खोलीचा अजून ओला आहे, वास सहन कर.

मी ती स्वतः चालवली, चार दिवस सकाळी. नदीच्या कडेचा लांब रस्ता आहे तिथे, ऊन चढल्यावर, टायवाल्याला शेजारी बसवून. एकदा खरंच जोरात गेले. किती ते सांगणार नाही, तू अँब्युलन्सवाली आहेस, तुला त्यात काय नवल. उतरले तेव्हा टायवाल्याने टाय सोडला होता. पुरे झालं. मनासारखं झालं. काल संध्याकाळी फाटकातून आत घेताना भिंतीची कड मला दिसली नाही. लागली नाही कुठे, पण दिसली नाही. मी गाडी बंद केली, चावी काढली आणि खिळ्याला टांगली. आता ती मी उतरवणार नाही.

रोज दुपारी मी उभ्या गाडीत शेजारच्या सीटवर जाऊन बसते. सराव करते. चपला काढून पाय गालिच्यावर सोडते, घोट्यावर घोटा टाकून. मग डोळे मिटून मनात रस्ता आणते आणि त्यात काहीबाही आडवं घालते: पोर, सायकल, म्हैस. पहिल्या दिवशी सगळ्यांसाठी पाय आपटला. काल म्हशीला आपटला नाही. शिंपीणबाई खिडकीतून बघत असतात. त्यांचं माझ्याविषयीचं मत आता पक्कं झालं असेल.

कुत्र्याबद्दल माझं मत तेच आहे, हे आधीच सांगून ठेवते. समोरासमोर भांडू. तू म्हणशील पाहिलं होतं, मी म्हणेन नव्हतं. आई असती तर दोघींना बाहेर काढून दार लावून घेतलं असतं.

पण शुक्रवारी चावी खिळ्यावरून तू काढायची. फाटकातून डावीकडे, मग सरळ, शहर संपेपर्यंत. तिथून पुढे तो नदीचा रस्ता. तिथे तू पाहिजे तशी चालव. माझ्या पायाखाली काही नाही, तू खाली वाकून बघून घे हवं तर.

आणि मुंगे, एक गोष्ट परवाच लक्षात आली. टायवाला मला शोरूममधून घरी सोडायला आला होता, तो चालवत होता, मी शेजारी. सवयीने मी त्याचे पाय शोधायला गेले. समोर बघता बघता ते मला दिसेनात. पूर्वी डोळ्याच्या कडेत असायचे, आता तिथे काहीच नसतं. बघायचे तर मान पूर्ण वळवावी लागते, आणि मान वळवली की रस्ता जातो. मी जरा घाबरले. मग मान सरळ केली आणि रस्ता बघितला. मला वाटतं, इतकी वर्षं गाडीत बसून मी रस्ता असा कधी बघितलाच नव्हता.

तेव्हा शुक्रवारी मी समोर बघणार आहे. तुझे पाय तू सांभाळ.

येताना चपला घालून येऊ नकोस. बूट घाल, पातळ तळव्याचे. घट्ट बां...

बरं, जे घालायचं ते घाल.

ताई